गाळलेलं कडवं

गिटार आमच्या घरात कुणी हौसेनं आणली नव्हती. घोडपदेवच्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर विलास नावाचा तरुण राहायचा, तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याला मस्कतला नोकरी लागली तेव्हा रेक्झिनच्या काळ्या पिशवीतली ती गिटार तो बाबांच्या स्वाधीन करून गेला. "काका, दोन वर्षांनी येतो, तोवर सांभाळा," म्हणाला आणि तिकडचाच झाला. वर्षभर ती कपाटावर, गाद्यांच्या वळकटीशेजारी पडून होती. मी पंधरा वर्षांची असताना एका दुपारी ती खाली काढली. बाबा पहिल्या पाळीहून आले तेव्हा मी एकाच तारेवर बोट सरकवत काहीतरी शोधत बसले होते. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पंच्यानं तोंड पुसता पुसता म्हणाले, "वाजव. ढोलकीला जात चिकटते, हलगीला चिकटते. ह्याला आपल्याकडं अजून कुणी चिकटवलेली नाही."

बाबा स्वतः गाणारे होते. गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, काम करायचे आणि जयंतीच्या दिवसांत त्यांच्या गायन पार्टीला नायगावपासून वरळीपर्यंत बोलावणी यायची. आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला कळायचं नाही. तरुणपणी धम्मदीक्षा घेतली त्याच आठवड्यात ते गावी गेले होते आणि घरातले देव टोपलीत घालून खाडीत सोडून आले होते. देवांबरोबर देवांची गाणीही गेली. आमच्या खोलीत भजन, अभंग, ओवी यातलं काही म्हणायचं नाही, हा नियम कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण मला तो कळायला लागल्यापासून माहीत होता. सकाळी शेजारच्यांच्या रेडिओवर भक्तिगीतं लागली की बाबा उठून आमचं दार लोटून घेत. रागानं नाही. वाऱ्यानं स्टोव्ह विझू नये म्हणून लोटावं, तसं.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला सोनाआत्यानं वाढवलं. ती बाबांची धाकटी बहीण, लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन भावाकडे आलेली. लालबागला एका मसाल्याच्या दुकानात ती मिरच्यांचे देठ खुडायला जायची. दुकानामागच्या पडवीत आठ-दहा बायका पाय पसरून बसायच्या, समोर लाल ढीग आणि पलीकडे कांडप यंत्राची लोखंडी मुसळं सारखी धपधप आपटत असायची. संध्याकाळी आत्या घरात शिरली की आम्हाला शिंका यायच्या. ती आधी मोरीत जाऊन हात खोबरेल लावून धुवायची, मग तांदळाचं पीठ उकडायला ठेवायची. भाकरी, सुकटीचं तिखट, कधी कुळथाची पिठी. ती मला कधी डोळ्यांना हात लावू द्यायची नाही आणि स्वतःही लावायची नाही. रडायची वेळ आली तरी पदराच्या टोकानं पुसायची. आज बाजारातून तयार मसाल्याचं पाकीट आणते तेव्हा त्याला वास असतो, पण शिंक येत नाही. हे चांगलं की वाईट ते मला सांगता येत नाही.

टायपिंग शिकायला मी गिरगावात जाऊ लागले आणि त्या क्लासच्या मागच्या गल्लीत मला रोझारिओ सर भेटले. भेटले म्हणजे आधी त्यांची गिटार ऐकू आली. लाकडी जिन्याच्या एका जुन्या घरात ते एकटे राहायचे, पूर्वी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायचे, आता शिकवण्या घ्यायचे. ते मराठीच बोलायचे, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती लोक बोलतात तसली हेल काढलेली मराठी. मला ऑर्केस्ट्रातल्या मुलांसारखं सपासप वाजवता यायला हवं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातली तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी काढून घेतली आणि म्हणाले, "बोटांनी वाजव. एकेक तार वेगळी बोलली पाहिजे. गर्दी करू नको."

त्यांच्याकडे खाकी कागदाचं कव्हर घातलेली एक जाड वही होती. तिच्यात पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या चाली होत्या, त्यांच्या गुरूनं कुठल्याशा ग्रंथालयात बसून हातानं उतरवून आणलेल्या. काही चर्चमधल्या, काही दरबारातल्या, पण बऱ्याचशा रस्त्यावरच्या. ही सुतारांची, ही भिकाऱ्यांची, ही बाळाला झोपवायची. मी एकदा विचारलं, "सर, या कुणी केल्या?" ते म्हणाले, "नाव कुणी लिहिलं नाय. मोठ्या माणसांची लिहिली, यांची नाय." त्या चालींत आपल्या गाण्यांसारखं शेवटी घरी परतणं नसायचं. त्या भलत्याच सुरावर येऊन थांबायच्या आणि आपण थांबलोय याचं त्यांना काही वाटायचं नाही. सर खालची जाड तार एक सूर उतरवून घ्यायचे आणि ती तंबोऱ्यासारखी खाली वाजत ठेवायचे. मी चार वर्षं दर रविवारी गेले. मधल्या काळात लोअर परळला एका गिरणीच्या हेड ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. आज त्या जागी काचेची इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर कॉफी मिळते.

एका रविवारी संध्याकाळी आत्या घरीच मिरच्या घेऊन बसली होती. हळदी-लग्नांचा हंगाम असला की दुकानातून पोतं घरी द्यायचे. बाबा पार्टीच्या तालमीला गेले होते. मी गॅलरीच्या दारात सरांनी दिलेली एक चाल घोटत होते आणि माझ्या लक्षात आलं, मागे आत्या काहीतरी म्हणतेय. ओठांतल्या ओठांत, देठ मोडण्याच्या लयीत. आणि तिचं गाणं माझ्या चालीत बसत होतं. बसत होतं म्हणजे दोन्हींचा स्वभाव एक होता. तेच पाच सूर, आणि तेच भलत्या ठिकाणी थांबणं. मी थांबले तशी तीही थांबली.

"आत्या, काय म्हणत होतीस?"

"काय नाय. सवय."

मी खालची तार उतरवली आणि नुसती वाजवत राहिले. बऱ्याच वेळानं ती पुन्हा म्हणू लागली, या वेळी शब्दांसकट. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, जात्यावर म्हटलेली गाणी होती ती आणि आजीला तिच्या आईकडून आलेली. देवाला उद्देशून होती. पुढच्या रविवारी मी त्यातली दोन सरांना वाजवून दाखवली. सरांनी चष्मा काढून ठेवला. "ही माझ्या वहीएवढी जुनी हायत," ते म्हणाले. "तू चार वर्षं जिना चढून माझ्याकडं कशाला आलीस?"

कॅसेटची कल्पना त्यांची. वहीतल्या सहा चाली आणि आत्याची सहा गाणी, सगळ्यांच्या खाली एकच गिटार. दादरला एका कॅसेट कंपनीत पेडणेकर नावाच्या गृहस्थांना ते ओळखत होते. पेडणेकरांनी मला समोर बसवून वाजवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "असं मराठीत कुणी केलेलं नाही. करू या." मी बावीस वर्षांची होते. त्या दिवशी दादरहून घोडपदेवपर्यंत मी चालत आले, वाटेत काय काय लागलं ते मला आठवत नाही.

राहिले बाबा. मी त्यांना जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"त्या देवाच्या दाराबाहेर आपली माणसं शेकडो वर्षं गात उभी राहिली," ते म्हणाले. "गोड गायली. सगळे म्हणाले, वा. आत कुणी घेतलं नाही. आम्ही ते दार सोडून आलो ते तू पुन्हा तिथं जाऊन उभी राहावीस म्हणून?"

खरं सांगायचं तर मी त्या गाण्यांच्या शब्दांकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. मला सूर हवे होते. बोलली ती आत्या. ती भावापुढे कधी बोलत नसे.

"दादा, तू आईचं गाणं पुरतं ऐकलंयस कधी?"

"लहानपणी ऐकलंय."

"ते जात्याच्या घरघरीत. तुला तीन कडवी म्हायती. चौथं आई जातं जोरात फिरवून म्हणायची. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

आणि तिनं ते तिथंच, भाकरीचा तुकडा हातात धरून, म्हटलं. चाल न लावता, नुसतं बोलल्यासारखं.

देवा तुझ्या राउळाचं माझ्या आज्यानं व्हायलं चिरं,
चिरं आत गेलं, आम्ही ऱ्हायलो बाहीर, सांग खरं.

गावचं ते देऊळ चिऱ्याच्या दगडांचं आहे आणि ते दगड खाणीतून डोक्यावर कुणी आणले हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी तिला आणखी दोनदा म्हणायला लावलं. गाणारा माणूस, त्यामुळे तिसऱ्या वेळी त्यांच्या बोटांनी आपोआप ताटाच्या कडेवर ठेका धरला. तो त्यांच्या लक्षात आला तशी त्यांनी बोटं आवरली.

"हे भजन नाही," ते म्हणाले. "हे भांडण आहे. म्हणायचं तर म्हण. पण हे कडवं धरून म्हणायचं. हे नसलं तर उरतं ते भजन आणि ते माझ्या घरातून जाणार नाही." मग माझ्याकडे बघून, "कळलं?" मी हो म्हटलं.

रेकॉर्डिंग दादरला एका तळमजल्यावरच्या स्टुडिओत झालं. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद ठेवायचा, आम्ही सगळे घामानं निथळत होतो. आत्या स्वच्छ पांढरं लुगडं नेसून आली होती, बुद्धपौर्णिमेला नेसायची ते. माईककडे ती आधी संशयानं बघत होती. पण सुरू झाली तेव्हा एका दमात गायली. चौथ्या कडव्याला तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला आणि मी खालची तार तेवढी वाजती ठेवून बाकी बोटं उचलली. रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून अंगठा दाखवला. आत्यानं मला विचारलं, "म्हंजी काय?" मी म्हटलं, "छान झालं." ती म्हणाली, "मग तोंडानं सांगायला काय झालं त्यास्नी?"

चार दिवसांनी पेडणेकरांनी मला एकटीला बोलावलं. त्यांनी लिंबू सरबत मागवलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टीत एक वाईट माणूस सापडला की बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "आत्याबाईंचा आवाज म्हणजे सोनं आहे. कॅसेट श्रावणात काढू, भक्तिगीतांत जाईल. फक्त ते एक कडवं काढावं लागेल. ऐकणारा देवघरात बसून ऐकतो. त्याला उगाच अपराध्यासारखं वाटायला नको. तुमचं काय मत?"

मी विचार करते म्हणू शकले असते. आत्याला विचारते म्हणू शकले असते. नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, पहिली कॅसेट होती, नाही म्हटलं असतं तर तीही गेली असती. हे सगळं खरं आहे. पण त्याखाली आणखी एक होतं, ते मी आज पहिल्यांदाच लिहितेय. ऑफिसात माझं आडनाव कुणाला नीट उमगलेलं नव्हतं. ते गावावरून पडलेलं आडनाव होतं, कुणाचंही असू शकलं असतं. जेवणाच्या सुट्टीत मंजिरी म्हणून एक सहकारी रोज आपल्या डब्यातली कोशिंबीर माझ्या झाकणात वाढायची आणि मी ती रोज खायचे. कॅसेटवर माझं नाव असणार होतं, ऑफिसात सगळे ऐकणार होते. ते कडवं नसतं तर मी एक कोकणातली गिटार वाजवणारी मुलगी होते. ते कडवं असतं तर मी कोण ते कुणाला विचारावं लागलं नसतं.

"काढा," मी म्हटलं.

रेकॉर्डिस्टनं माझ्यासमोरच ते काढलं. फीत सावकाश हातानं मागेपुढे फिरवून जागा शोधली, तिथं पांढऱ्या पेन्सिलीची खूण केली, दाढीच्या पात्यानं तिरकी कापली, पुन्हा पुढे कापली आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. सांधा ऐकू येत नव्हता. कापलेला तुकडा दहा-बारा हात लांब असेल. तो खुर्चीखाली पडला होता. मी बघितला आणि उचलला नाही.

कॅसेट आली तो दिवस चाळीत सणासारखा होता. शेजारच्या कांबळेवहिनींनी त्यांचा टेपरेकॉर्डर आणून आमच्या खोलीच्या मधोमध ठेवला. गॅलरीत माणसं उभी, जिन्यात माणसं. वहीतल्या चाली लोकांनी कौतुकानं ऐकल्या, आत्याचा आवाज आला तशी बायका तिच्याकडे बघून हसायला लागल्या आणि ती मान खाली घालून पदराची किनार चाचपत राहिली. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मग गिटारचा एक तुकडा आणि गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या, कार्यक्रमात थांबवत तशा.

"चौथं कुठंय?"

"टेप कमी पडली," मी म्हणाले.

"टेप कमी पडली, की तू?"

गॅलरीतल्या कुणाला काही कळलं नाही. मी आत्याकडे बघितलं. तिला मात्र सगळं कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, चहाचं आधण ठेवायला गेली आणि स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, "असू दे दादा. पोरगी शिकलेली हाय. कुठलं बोल कुठं बोलायचं नाय, ते तिला म्हायती."

त्या दिवसापासून आत्या घरात गायची बंद झाली. माझ्याशी बोलायची, वाढायची, डबा भरायची, ताप आला तेव्हा कपाळावर घडी ठेवून बसली. पण मिरच्या खुडताना तिचे ओठ मिटलेले असायचे. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत. कॅसेटचं दोन-तीन ठिकाणी बरं छापून आलं, सरांनी ती कात्रणं वहीत ठेवली. मीही त्या दिवसांत वाजवत होते, पण सवयीनं.

सरांना मी दोन महिन्यांनी सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही उघडली, एक पान काढलं. माझी आवडती चाल होती ती, भिकाऱ्यांची. सुरांच्या खाली शब्द लिहायची जागा कोरी होती.

"हिचे शब्द कुठं गेले, तुला म्हायती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला पण नाय. कुणालाच नाय. चाल चांगली म्हणून ठेवली, शब्द कुणाला तरी नको वाटले. कुणी चांगल्याच माणसानं काढले असतील, काहीतरी चांगलं कारण असेल त्याचं. आता आपण पाचशे वर्षं नुसतं ला ला करतो." त्यांनी वही मिटली. "तुझ्या आत्याला तरी शब्द म्हायती हायत. ती हाय तोवर जा."

आधी मी पेडणेकरांकडे गेले. कापण्याआधीची एखादी प्रत शिल्लक आहे का विचारलं. त्यांनी खरोखरच शोधली. त्या फितीवर दुसरं काहीतरी भरून झालं होतं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

मग दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन मी लालबागला गेले. त्या दुकानात मी लहान असताना जायचे, नोकरी लागल्यावर एकदाही गेले नव्हते. पडवीत बायका ओळीनं बसल्या होत्या, कांडप यंत्र चालू होतं, आत्या भिंतीकडेला होती. मी साडीचा घोळ आवरून तिच्यासमोर उकिडवी बसले. यंत्राच्या आवाजात हळू बोलून चालण्यासारखं नव्हतं, त्यामुळे मला जे सांगायचं होतं ते आठ-दहा बायकांसमोर मोठ्यानं सांगावं लागलं.

"आत्या, टेप कमी पडली नव्हती. ते मी काढायला सांगितलं."

"ठाव हाय."

"पेडणेकर म्हणाले, पण मी हो म्हटलं. ऑफिसात कळेल म्हणून."

"काय कळंल?"

"आपण कोण ते."

यंत्र चालूच होतं. शेजारच्या बाईचे हात थांबले होते, आत्याचे मात्र थांबले नाहीत. तिनं आपल्या ढिगातल्या थोड्या मिरच्या माझ्यापुढे सारल्या.

"बस. देठ खूड."

मी संध्याकाळपर्यंत खुडले. तारांनी बोटांच्या टोकांना पडलेल्या चिरांत तिखट गेलं आणि हात कोपरापर्यंत जळायला लागला. तिनं ते बघितलं. सुटल्यावर दुकानाच्या नळावर तिनं माझे हात स्वतःच्या हातात घेऊन खोबरेल चोळलं, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, मी लहान असताना चोळायची तसं. मग म्हणाली, "त्या तुझ्या सरांकडं मशीन हाय का?"

"आहे. जुनं आहे."

"रविवारी जाऊ. पण तुझं वाजवणं नको."

मी नळ बंद केला.

"वाईट वाजवतीस असं नाय," ती म्हणाली. "बाकीच्या गाण्यांना वाजव. त्या एका गाण्याला मला कुणाची सोबत नको."

सरांचा जिना चढताना आत्या दोनदा थांबली. सरांनी तिला खुर्ची दिली, तिला खाली बसायचं होतं, म्हणून तेही खाली बसले. खिडकीतून गल्लीतले आवाज येत होते, कुणीतरी भांडी घासत होतं. आम्ही पाच गाणी पुन्हा केली, त्यांत मी वाजवलं. सहाव्याला गिटार मांडीवर आडवी ठेवून दोन्ही हात तारांवर पसरून बसले, चुकूनही वाजू नये म्हणून. सर म्हणाले, "आधी नाव सांगा बाई, मशीनमध्ये." आत्यानं स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आईचं सांगितलं आणि म्हणाली, "गाणं आईचं हाय." मग गायली. तिसरं कडवं झालं, ती थांबली, श्वास घेतला. माझी बोटं तारांखाली आपोआप सरकायला बघत होती, इतकी ती जागा मी मनात वाजवलेली होती. मी ती दाबून धरली. चौथं कडवं तिनं एकटीनं म्हटलं, मागं काही नाही, खालून भांड्यांचा आवाज तेवढा. चुळबुळ नाही, घाई नाही. त्या भलत्या सुरावर येऊन ती थांबली आणि सरांनी बटण दाबायला बराच वेळ लावला.

घरी आलो तेव्हा बाबा दारातच बसले होते. ते बरोबर आले नव्हते, त्या देवाच्या गाण्याला मी येणार नाही म्हणाले होते.

"सगळं म्हटलंस?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"सगळं."

"मग झालं," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले. मी त्यांना स्टोव्ह पेटवताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यांना पिन सापडेना, आत्या हसायला लागली.

सरांनी त्यांच्या मशीनवर एकेक प्रत काढली आणि ज्याला हवी त्याला दिली. दुकानात ती कधी गेली नाही. हल्ली कुणीतरी ती इंटरनेटवर चढवली आहे. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मोबाईलवर ऐकतात आणि विचारतात, "मॅडम, शेवटच्या गाण्यात गिटारचा ट्रॅक राहिला का?" मी राहिला नाही एवढंच सांगते. आत्या जाऊन खूप वर्षं झाली. बाबा तिच्याआधी गेले, सर त्यांच्याही आधी.

पण मला सांगायचंय ते त्या आठवड्यातलं. पहिली प्रत मी ऑफिसात नेली. जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्क सावंतसाहेबांच्या टेबलावर टेपरेकॉर्डर असायचा, क्रिकेटच्या दिवसांत रेडिओसाठी ठेवलेला. मी कॅसेट घातली आणि शेवटचं गाणं लावलं. आधी आत्याचं नाव आलं, तिच्या आईबापांचं आलं, मग गाणं. चौथ्या कडव्याला कुणीतरी डब्याचं झाकण खाली ठेवलं ते ऐकू आलं. संपल्यावर मंजिरीनं आपला डबा पुढे ओढून घेतला आणि खालमानेनं जेवायला लागली. त्यानंतर तिनं माझ्या झाकणात काही वाढलं नाही, आणि बाकीच्यांपैकी कुणी फारसं वेगळं वागलं असंही नाही.

"यात तुम्ही कुठं वाजवलंय?" सावंतसाहेबांनी विचारलं.

"यात मी नाही. ही माझी आत्या आहे."

त्यांनी मान हलवली. ते खेडच्या बाजूचे होते, आम्हीही तिकडचेच. त्यांनी गाव विचारलं, मी सांगितलं. कोकणात नुसत्या गावावरून काही कळत नाही, वाडी सांगितली की मग सांगायचं काही उरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मग हातातलं पेन टेबलावर ठेवून, आवाज न बदलता, त्यांनी वाडी विचारली.

तीही मी सांगितली.